मैनाबाईचा कोसा

पुण्याच्या कडेच्या मांजरी गावात ट्रॅक्टर वळायला जागा उरली नाही, म्हणून मैनाबाईच्या बैलांना काम होतं. ऐकायला उलटं वाटेल, पण तसंच होतं. गाव महापालिकेत गेलं, उसाच्या फडांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि ज्यांनी विकलं नाही त्यांची रानं भिंतींच्या मधे अडकली. कुणाचे दहा गुंठे, कुणाचे पंधरा. वाट म्हणावी तर कंपाउंडच्या कडेनं बैलजोडी जेमतेम जाईल एवढी. अशा तुकड्यांत मेथी, कोथिंबीर, पालक निघायचा आणि हडपसरच्या बाजारात जायचा. हातानं चालवायचं छोटं यंत्र एकदोघांनी आणून पाहिलं, पण आमच्या काळ्या, चिकट रानात ते माणसालाच ओढत न्यायचं. मग रान भुसभुशीत करायला मैनाबाईला निरोप जायचा, "मैनाकाकू, उद्या कुळव घिऊन या."

मैनाबाई बारीक चणीची, पन्नाशी ओलांडलेली. कपाळावर उन्हाच्या आठ्या कायमच्या बसलेल्या. तिचं माहेर सासवडच्या पलीकडं, गराड्याला. लग्न होऊन मांजरीत आली तेव्हा नवऱ्याची, तात्यारावाची, बैलजोडी नावाजलेली होती. आमच्याकडं बाईनं औताला हात लावायचा नाही अशी रीत. तिनं खुरपावं, बी टोकावं, भाकरी घेऊन बांधावर यावं. मग तात्यारावाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. मुलगा पियुष तेव्हा कॉलेजात होता. पेरणीचं रान तसंच पडलं, आणि बैल दावणीला बसून खाऊ लागले.

एका सकाळी मैनाबाईनं पदर खोचला, बैल सोडले आणि जू त्यांच्या मानेवर ठेवलं. चावडीपाशी बसलेली माणसं बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, "आता बाया औत हाकाय लागल्या. पाऊस कशाला पडतोय!" मैनाबाईनं कासरा आवरला आणि नुसतं एवढंच म्हटलं, "मग या की तुमी. कासरा देते हातात." कुणी उठलं नाही. तात्याराव दारात खाटेवर होता. त्याला बोलता येत नव्हतं. डावा हात वर करून त्यानं बैलांना चला अशी खूण केली. ती खूण बैलांना कळली असेल नसेल, बाईला कळली.

तात्याराव वारल्यावर ती जोडीही म्हातारी होऊन गेली. मग तिनं भावाकडून, हिंमतरावाकडून, गराड्याहून दोन खोंड आणले आणि स्वतः औताला धरून शिकवले. एक कोसा आणि दुसरा बाजी. कोसा नावाप्रमाणंच मळकट पांढऱ्या रंगाचा, तोंडाचा आणि मानेचा काळपट. अंगानं थोराड आणि खायला अधाशी. बाजी पांढराशुभ्र, बारीक, संशयी. नवी वस्तू समोर आली की आधी हुंगणार, मग मान फिरवणार. कोसा उजवीकडं, बाजी डावीकडं. कधी बदल नाही. पुढं पुढं तर जू उचललं की दोघं आपापल्या जागी येऊन उभे राहायचे. मैनाबाई त्यांच्याशी बोलायची तेही घरातल्या माणसांशी बोलावं तसं. "कोशा, आज दम नाय का रं तुझ्यात? काल लई हुंदडलास." लोक हसायचे. तिला त्याचं काही नव्हतं.

काम मिळत होतं. अडचण वैरणीची झाली.

पूर्वी मांजरीत वैरण कमी पडेल असं कुणी म्हटलं असतं तर वेड्यात काढलं असतं. ऊसतोड चालू झाली की वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या फुकट. ओढ्याच्या कडेला गवत. बांधाबांधावर घास. एकेक फड मोडत गेला तशी ही हिरवाई गेली. ओढ्याला काँक्रीटच्या भिंती आल्या. कडबा बाहेरून टेम्पोनं यायचा, तोही गोठेवाले आधीच उचलायचे. मैनाबाई विळा घेऊन कालव्याच्या कडेनं लांब लांब जायची आणि भारा डोक्यावर घेऊन यायची. बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. कामावरून आल्यावर कोसा रिकामी गव्हाण चाटत राहायचा. त्या जिभेचा खरखर आवाज घरात ऐकू यायचा, आणि जेवताना मैनाबाईचा घास तोंडात फिरायचा.

अशात शेजारच्या सोसायटीतली शेफाली भेटली. ती मूळची वर्ध्याकडची, शेतकऱ्याची लेक. नवरा-बायको दोघं कंप्युटरच्या नोकरीत. खिडकीतून तिला मैनाबाईचं रान दिसायचं. एका रविवारी ती खाली आली, कुंपणाच्या जाळीपाशी उभी राहून बैल चालताना बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, आमच्याकडे पण होती हो जोडी. बाबांनी विकली, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते."

मैनाबाईनं बैल थांबवले. असं बोलणारं माणूस तिला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. बोलता बोलता वैरणीचा विषय निघाला. शेफाली म्हणाली, "आमच्या एवढ्या घरांतून रोज भाजीची देठं, मटारची टरफलं, कलिंगडाची सालं निघतात. सगळं कचऱ्यात जातं. बैल खातील ना?"

"न खायला काय झालं? त्यांना फ्लावरचा पाला म्हंजे मेवा."

शेफालीनं मनावर घेतलं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, गेटपाशी निळा ड्रम ठेवला, त्यावर बैलाचं चित्र चिकटवलं. लोकांनाही हौस वाटली. लहान मुलं आईचा हात धरून ड्रमात सालं टाकायला यायची. मैनाबाई रोज सकाळी ड्रम घेऊन जायची. सुरुवातीला ती गोठ्यासमोर फडकं अंथरून सगळं निवडायची. कारण, कितीदा सांगूनही काही जण पिशवीसकट टाकायचे. पिशवीला गाठ मारलेली, आत देठं, देठांत दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. ती एकेक सोडून बाजूला काढायची.

पुढं शेजारच्या दुसऱ्या सोसायटीनंही ड्रम ठेवला. कोसा अंगानं भरला, पाठीवर तकाकी आली. मैनाबाईला वाटलं, पांग फिटला. ड्रम जास्त, कामाची बोलावणी जास्त, आणि तिचे गुडघे धरलेले. निवडणं वरवरचं होऊ लागलं. वरच्या पिशव्या काढायची आणि बाकीचं गव्हाणीत ओतायची. बाजी नाकानं बाजूला सारून सारून खायचा. कोसा सारायचा नाही. आमटी-भाजीचा खारट वास लागलेली पिशवी त्याला देठासारखीच लागायची.

मग एका दुपारी शेजारच्या तुकड्यात कुळव चालू असताना कोसा मधेच थांबला. मैनाबाईनं हाक दिली, शेपटीला हात लावला. त्यानं दोन पावलं टाकली आणि पुढचे गुडघे मातीत टेकले. जू तिरपं झालं, बाजीची मान आवळली. तिनं धावत जाऊन जुवाच्या शिवळा काढल्या आणि दोघांना मोकळं केलं. कोसा उठला, पण डोळे लावून उभा राहिला. त्याची डावी कूस फुगून वर आली होती. तिनं त्यावर बोटं वाजवली तर डफासारखा आवाज आला.

घरी आणून तिनं ओवा दिला, तेल पाजलं. पोट थोडं उतरलं, परत फुगलं. समोर लसूणघास धरला तर त्यानं हुंगलाही नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा रवंथ थांबला. गोठ्यात बाजीचा जबडा हलत होता आणि कोशाचा नाही. मैनाबाई त्याच्या तोंडाकडं बघत बसली. आत्ता हलेल, मग हलेल.

पियुषनं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. पियुष एका कंपनीत गाड्यांचं बघायचा. बैलांवरून त्याचे आणि आईचे खटके उडायचे, पण त्या दिवशी तो रजा टाकून घरी आला. डॉक्टर अभिनव तरुण होते, शांत बोलायचे. त्यांनी कूस दाबली, नळी लावून ऐकलं, शेण बघितलं आणि विचारलं, "आजी, हा बाहेर कचऱ्यावर चरतो का?"

"न्हाय वं. माझे बैल कचऱ्यावर जात न्हाईत," मैनाबाई ठसक्यात म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिची नजर निळ्या ड्रमाकडं गेली.

डॉक्टरांनीही तिकडं पाहिलं. मग म्हणाले, "पोटात प्लॅस्टिकचा गोळा झालाय. औषधानं निघणार नाही. कापून काढावं लागेल. वाचेलच असं सांगत नाही. नाही काढलं तर मात्र जाणार, हे नक्की."

पियुष आईला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, वय झालंय त्याचं. उगं हाल कशाला करायचे?"

"मंग काय करू? बघत बसू?"

"तसं नाही गं."

"हातानं घातलंय म्या त्याच्या पोटात. हातानं काढाय नगं?"

पियुष दोर आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गोठ्यातच ऑपरेशन झालं. बैलाला उभ्यानंच कापतात, हे मैनाबाईला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी कुशीवरचे केस काढले, बधिर करायची इंजेक्शनं दिली. पियुषनं आणि शेजारच्या दोघांनी दोर धरले. मैनाबाई वेसण धरून तोंडापाशी उभी राहिली. कोसा जागा होता. तिचा हात चाटत होता. कातडी चिरल्यावर त्याच्या अंगावरून नुसती शिरशिरी गेली.

शेफालीला कुणीतरी कळवलं होतं. ऑफिसला जायच्या कपड्यांत ती गोठ्याच्या दारात येऊन थांबली. तेवढ्यात डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढायला सुरुवात केली. आधी काळा, चिकट, दोरखंडासारखा पीळ आला. मग गोळे. घमेलं भरलं, दुसरं आणलं. पिशव्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की सुट्या होत नव्हत्या. त्यात काही अजून गाठ मारलेल्याच होत्या. एकीच्या आत मटारची टरफलं जशीच्या तशी होती. आंबूस, कुजकट वास गोठाभर पसरला. दोर धरलेल्या माणसांनी तोंडं फिरवली.

शेफाली दाराची चौकट धरून खाली बसली. "मावशी, हे आमच्या घरातलं आहे," एवढंच ती म्हणाली. मैनाबाईनं वळून पाहिलं नाही. ती कोशाच्या कानात बोलत होती, "झालं रं, झालं. एवढंच. माझा राजा न्हवं तू?"

टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता पोट चालू व्हायला पाहिजे. आतलं सगळं मेल्यासारखं झालंय. तुमच्या दुसऱ्या बैलाचा रवंथ मिळाला तर गुळाच्या पाण्यातून पाजा." मैनाबाईनं लगेच बाजीला धरलं. रवंथाचा घास वर आला की जबड्यात हात घालून तो काढून घ्यायचा. बाजी कुणाला तोंडाला हात लावू देणारा नव्हता. तिची बोटं चेचली, सोलली, पण तिनं घास काढले आणि कोशाला पाजले. बाजीही दोनतीनदा मान झटकून मग उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी कोशाचा जबडा हलला. सावकाश, वाकडा, पण हलला. मैनाबाई ओरडलीच, "पियुष, आरं बघ, बघ!" पियुष तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आला. कोसा रवंथ करत होता. त्या दिवशी तिनं बऱ्याच दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली. गल्लीत गूळ वाटला. शेफालीला बोलावून घेतलं आणि कोशाला घासाची काडी द्यायला लावली. त्यानं ती घेतली. शेफाली रडत हसली.

ते सुख टिकलं नाही. टाक्यांपाशी सूज आली. अंग तापलं. डॉक्टर रोज यायचे, इंजेक्शनं द्यायचे. मग एका सकाळी कोसा बसला तो उठेना. बसलेलं जनावर उठलं नाही की त्याचं अंग खालून सडत जातं, हे मैनाबाईला माहीत होतं. तिनं गल्लीतली माणसं जमवली. पोटाखालून पोती घालून त्यांनी उचलायचा प्रयत्न केला. पाय तुटल्यासारखे लोंबत होते.

समोरच्या बांधकामावर जेसीबी होता. मैनाबाई अनवाणी तिकडं पळाली आणि ड्रायव्हरचा हात धरून त्याला खाली ओढलं. तो बिचारा परप्रांतीय, त्याला तिचं बोलणं कळेना, पण तिचा चेहरा कळला. तो मशीन घेऊन आला. पोटाखालून पट्टे घालून त्यांनी कोशाला हळूहळू वर घेतलं. खूर जमिनीला लागले. "ऱ्हा हुबा, ऱ्हा," मैनाबाई त्याच्या पायांना धरून ओरडत होती. "कोशा, एक डाव ऱ्हा हुबा!" पट्टे सैल केले. तो उभा राहिला. मग मागचे पाय पसरले आणि तो तिच्या अंगावरच कोसळला असता, पियुषनं तिला ओढलं म्हणून ती वाचली.

दुपारी त्यानं मान टाकली. तिची मांडी त्याच्या तोंडाखाली होती.

आमच्याकडं घरचा बैल गेला की त्याला रानात पुरतात. अंगावर नवं कापड, वर मीठ, कुंकू. मैनाबाईनं तेच सांगितलं. जेसीबीवाला खड्डा काढायला तयार होता. पण रानाच्या दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या. कुणीतरी तक्रार केली. पालिकेचा मुकादम आला. माणूस वाईट नव्हता. दारात चप्पल काढून आत आला आणि म्हणाला, "मावशी, शहरात जनावर पुरता येत नाही. बाजूला बोअरचं पाणी आहे लोकांचं. गाडी बोलावलीय, ती घेऊन जाईल."

"रान माझं हाय."

"असेल हो. पण हद्द पालिकेची आहे."

"कुटं नेणार त्याला?"

मुकादम रस्त्याकडं, गाडी येते का ते बघू लागला. ती पुन्हा म्हणाली, "कुटं नेणार ते तरी सांगा. मला यायचंय संगं."

"तिथं येऊ देत नाहीत, मावशी."

ती त्याच्या पाया पडायला वाकली. तो मागं सरला. पियुषनं तिला उठवलं. गाडी आली. मागच्या पायांना साखळी बांधून यंत्रानं कोशाला फळीवरून वर ओढायला लागले तेव्हा ती धावली, "मान धरा, आरं, मान आपटतीय!" आणि स्वतः दोन्ही हातांनी त्याचं डोकं उचलून गाडीपर्यंत गेली. नवं कापड टाकायला तिला जेमतेम वेळ मिळाला. गाडीचा दरवाजा लागला. गोठ्यातून बाजी हंबरत होता. दावं तोडायला बघत होता.

संध्याकाळी शेफाली आली. ड्रम काढून टाकल्याचं सांगितलं. हात जोडून म्हणाली, "मावशी, मला काहीतरी बोला. शिव्या द्या."

मैनाबाई चुलीपुढं बसली होती, चूल पेटलेली नव्हती. ती म्हणाली, "तू काय इष घातलं न्हाईस पोरी. त्यो भुकेला व्हता, मी वाढलं. पर आता तू येऊ नगंस काय दिवस. तुला बगितलं की मला त्यो घास खाताना दिसतो." शेफाली गेली. ती चांगली मुलगी होती. दोघींचंही त्यात काही चुकलं म्हणावं, काही नाही. पण त्यानंतर त्या जाळीपाशी कुणी उभं राहिलं नाही.

बाजीनं खाणं अर्ध्यावर आणलं. मैनाबाईनं जोडीला बैल शोधला. मांजरी, फुरसुंगी, पार थेऊरपर्यंत माणसं विचारून आली. शर्यतीचे बैल होते, मिरवणुकीचे होते. औताला चालणारा, बाजीच्या चालीचा एक मिळेना. शेवटी तिनं एका बैलानं ओढायचा हलका कुळव आणला आणि बाजीला एकटं जुंपलं. बाजी जागेवरून हलला तो डावीकडूनच, उजवीकडची जागा मोकळी सोडून. मातीत ओढलेलं तास वाकडं गेलं. ती त्याला मधे ओढायची, तो परत कडेला. शेवटी तो रानाच्या मधोमध थांबला आणि उजवीकडं मान करून उभा राहिला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर चाबूक उगारला. मारला नाही. चाबूक टाकून ती त्याच्या पायांशीच तासात बसली.

उन्हाळा लागला तसं कालव्याचं गवतही गेलं. हिंमतराव टेम्पो घेऊन आला. "ताई, गराड्याला नेतो त्याला. डोंगराला थोडंफार गवत हाय. माझ्या शेजाऱ्याचा बी एक बैल एकटा पडलाय, जमलं तर बघू." मैनाबाई टेम्पोत मागं बाजीजवळ उभी राहून दिवे घाट चढून गेली, दोन दिवस राहिली आणि परत आली. घरी रिकामी दावण बघवेना म्हणून दिवसभर रानातच राहू लागली. कुदळीनं खणून तिनं दोन वाफे काढले. बाकीचं रान भेगाळून पडलं. पियुष म्हणायचा, "आई, सोड आता." ती म्हणायची, "मंग मी कुटं जाऊ?"

रोज ती भावाला फोन करायची. "खातोय का?" "खातोय." मग एकदा हिंमतरावानं आपणहून फोन केला. ती वाफ्यात होती, हात मातीचे, पियुषच्या बायकोनं, पायलनं, फोन कानाला धरला.

"ताई, शेजाऱ्याच्या बैलासंगं जुंपून बघितला," हिंमतराव म्हणाला. "जुवात बसतोय. उठवला की परत बसतोय. आता त्याच्याकडनं काम व्हनार न्हाय. आन् माझ्याकडं बी वैरण…" तो थांबला. "काय करू, तू सांग."

मैनाबाई वाफ्यातून उठून उभी राहिली.

"बसू दे त्याला," ती म्हणाली. "मारू नगंस. म्होरं पाणी ठेव. मी निघते."

"आत्ता? ऊन किती हाय."

तिनं हात पदराला पुसले, कुदळ वाफ्यातच उभी ठेवली आणि सासवडची बस धरायला हडपसरच्या रस्त्याला लागली. पायल मागनं हाका मारत होती, निदान पाणी तरी पिऊन जा म्हणून. ती थांबली नाही.